तळटीप ७ : येरवडा
७. येरवडा : पुण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यातली अशी इतर जुनी रुग्णालये ठाणे, नागपूर व रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. म्हणून सतरा वर्षांच्या लेकराच्या हातातल्या बांगड्या ओढून काढताना आईने घातलेला धाक येरवड्याचाच आहे. धाक निराधार होता. पारलिंगी असणे हा मनोविकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ते मनोविकारांतून वगळले आहे. ‘सुधारण्या’चे उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पुढच्या परिच्छेदातली झोप उडणे, जीव नकोसा होणे ही लक्षणे मात्र खरी, कोंडमाऱ्याची, आणि त्यांवर उपचार हवाच. त्यासाठी धुळे व जळगावची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. फोनवर ‘टेली मानस’, १४४१६, मराठीतून, मोफत, चोवीस तास. (संपा.)