‘टायकून’ : पदवी जपानची, अर्थ अमेरिकेचा

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘टायकून’ हा शब्द नित्याचा आहे. तेल, पोलाद, जहाजवाहतूक किंवा माध्यमे, यांपैकी कोणत्याही व्यवसायात अफाट संपत्ती आणि सत्ता एकवटलेल्या व्यक्तीस तो लावला जातो. मराठीतही ‘उद्योगसम्राट’ या शब्दाच्या जोडीने तो रुळला आहे. मात्र ज्या जपानमधून हा शब्द इंग्रजीत गेला, तेथे उद्योगपतीला कोणी ‘ताइकुन’ म्हणत नाही. जपानच्या दृष्टीने तो एका राजकीय पेचातून पुढे आलेला आणि तो पेच सुटताच व्यवहारातून गेलेला शब्द आहे.

व्युत्पत्ती

‘ताइकुन’ हा शब्द दोन चिनी चित्राक्षरांनी लिहिला जातो. ‘ताइ’ म्हणजे मोठा आणि ‘कुन’ म्हणजे प्रभू किंवा अधिपती. हा जोडशब्द ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात राज्यकर्ता या अर्थाने आढळतो. यातील दुसरे अक्षर जपानमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. कार्यालयात वरिष्ठ मंडळी कनिष्ठ सहकाऱ्याच्या आडनावापुढे ‘कुन’ जोडतात, ते हेच अक्षर. ‘किमिगायो’ या राष्ट्रगीताच्या नावातील ‘किमि’ही त्याच अक्षराने लिहितात, तेथे त्याचा अर्थ सम्राट असा घेतला जातो.

दोन सत्ताकेंद्रांचा पेच

१६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन झाला आणि राज्यकारभार एदो, म्हणजे आजच्या टोकियोतून चालू लागला. सम्राट मात्र क्योतोतच राहिला. शोगुनची नेमणूक नावापुरती का होईना, सम्राटाकडूनच होत असे. सातारची छत्रपतींची गादी आणि पुण्यातील पेशव्यांचा कारभार ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. पेशव्यांनाही अधिकाराची वस्त्रे छत्रपतींकडूनच मिळत.

देशांतर्गत हे द्वैत चालून जात होते. परराज्याशी पत्रव्यवहार करताना मात्र शोगुनने स्वतःस काय म्हणवून घ्यावे, हा प्रश्न उभा राही. ‘शोगुन’ म्हणजे चिनी परंपरेत केवळ सेनापती. ‘राजा’ म्हणवून घ्यावे, तर चीनच्या मांडलिकाचा दर्जा पत्करल्यासारखे होई. ‘सम्राट’ ही पदवी तर क्योतोतील गादीची होती. कोरियाशी होणारा व्यवहार त्सुशिमा बेटाच्या सरदारांमार्फत चाले. दोन्ही बाजू सांभाळण्यासाठी त्यांनी राजपत्रांत परस्पर फेरफार केल्याचे उघडकीस आले आणि १६३५ मध्ये त्याचा निवाडा झाला. त्यानंतर कोरियाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात शोगुनसाठी ‘ताइकुन’ ही पदवी रूढ करण्यात आली. भारदस्त, तरीही सम्राटपदावर हक्क न सांगणारी अशी ती होती.

तिलाही आक्षेप घेतला गेला. कोरियात हीच दोन अक्षरे राजपुत्रांची पदवी म्हणून वापरली जातात, असे विद्वान आराई हाकुसेकी यांनी दाखवून दिले आणि १७११ मध्ये ‘जपानचा राजा’ हा शब्द योजला. शोगुन योशिमुनेच्या काळात, १७१९ च्या कोरियन शिष्टमंडळाच्या वेळी, ‘ताइकुन’ पुन्हा प्रचारात आला.

करारातील नाव

१८५३ मध्ये कमोडोर पेरी अमेरिकी युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागरात आले. त्यांच्याजवळील अध्यक्ष फिलमोर यांचे पत्र ‘जपानच्या सम्राटा’स उद्देशून होते, ते स्वीकारले मात्र शोगुनच्या अधिकाऱ्यांनी. पुढे २९ जुलै १८५८ रोजी टाउनसेंड हॅरिस यांच्याशी झालेल्या व्यापारी करारात जपानच्या बाजूने ‘टायकून’ हेच सार्वभौम म्हणून नोंदले गेले.

येथे शब्दाची संदिग्धता महागात पडली. क्योतोत सम्राट कोमेई यांची या कराराला संमती नव्हती. ती न मिळवता सह्या होऊ दिल्याचा ठपका शोगुनशाहीचे प्रमुख मंत्री इई नाओसुके यांच्यावर आला. २४ मार्च १८६० रोजी एदोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्यांची हत्या झाली. त्यामागे इतर कारणांबरोबर हा रोषही होता. करारास सम्राटाची मान्यता मिळवण्यासाठी पाश्चात्त्य राष्ट्रांनी १८६५ मध्ये आपल्या युद्धनौका ह्योगोच्या किनाऱ्यावर आणून दबाव टाकला, तेव्हा ती मिळाली.

अखेर १८६७ मध्ये शोगुन योशिनोबुने सत्ता सम्राटाकडे सोपवली. १८६८ च्या आरंभी नव्या सरकारने परकीय वकिलांना कळवले की, करारांत जेथे ‘टायकून’ आहे तेथे यापुढे ‘सम्राट’ असे समजावे. पदवीचे प्रयोजनच संपले.

इंग्रजीतील दुसरा जन्म

तोवर शब्द अमेरिकेत पोहोचला होता. १८६० मध्ये जपानी शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याच्या भरभरून बातम्या दिल्या. १८६१ पासून अब्राहम लिंकन यांचे सचिव जॉन हे आपल्या रोजनिशीत अध्यक्षांचा उल्लेख आदरमिश्रित थट्टेने ‘टायकून’ असा करू लागले. ब्रिटिश राजदूत रदरफोर्ड अल्कॉक यांच्या १८६३ मधील ग्रंथाच्या शीर्षकात एदो ही ‘टायकूनची राजधानी’ आहे. बड्या उद्योगपतीचा अर्थ मात्र पहिल्या महायुद्धानंतर स्थिरावला.

या वाटेने गेलेला हा एकमेव आशियाई शब्द नव्हे. मोगल बादशहांवरून आलेला ‘मोगल’ आज इंग्रजीत माध्यमसम्राटांना लावला जातो. ‘नवाब’चा ‘नेबॉब’ झाला आणि अठराव्या शतकात हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेल्या इंग्रजांना चिकटला. मूळ दरबार लयास गेले, अधिकारपदे संपली. शब्दांचा थाट तेवढा संपत्तीच्या वाट्याला आला.

आजचा वापर

आधुनिक जपानीत बड्या उद्योगघराण्यांच्या समूहासाठी ‘झाइबात्सु’, अतिश्रीमंतासाठी ‘दाइफुगो’ आणि वजनदार व्यक्तीसाठी ‘ओमोनो’ हे शब्द आहेत. ‘ताइकुन’ प्रामुख्याने इतिहासाच्या पुस्तकांत भेटतो. फिट्झजेराल्डच्या कादंबरीवरील ‘द लास्ट टायकून’ हा चित्रपट जपानमध्ये ‘रासुतो ताइकून’ या नावाने प्रदर्शित झाला. तेथे हा शब्द मूळ चित्राक्षरांत नव्हे, तर परकीय शब्दांसाठी राखलेल्या काताकाना लिपीत लिहिला गेला. घरातून गेलेला शब्द पाहुणा म्हणून परतला तो असा.