तांब्याचीं भावंडें

देव्हाऱ्यांतील ताम्हन, न्हाणीघरांतील बंब आणि माजघरांतील पाण्याचा हंडा या तीन वस्तूंनीं महाराष्ट्रांतील जुन्या घराला तांब्याची ओळख करून दिलेली आहे. चिंचेनें घांसून लखलखीत केलेलें ताम्हन हातांत घेतलें, कीं तें एकाच जातीच्या व एकाच वजनाच्या कणांचें बनलेलें असावें, असेंच कोणासही वाटेल. सुमारें शंभर वर्षांपूर्वीपर्यंत रसायनशास्त्राचे पंडितही तसेंच समजत होते. वस्तुतः त्या ताम्हनांत दोन भिन्न वजनांचें तांबें एकजीव होऊन बसलेलें असतें. आणि या दोहोंचीं आणखी कांहीं अल्पायुषी भावंडें माणसानें स्वतः निर्माण केलेलीं आहेत. तीं ओळखूं कशीं आलीं, आणि त्यांनीं रोगपीडित शरीरांतील एक गूढ कसें उकललें, ही विसाव्या शतकाच्या विज्ञानांतील एक उद्बोधक हकीकत आहे.

हकीकतीचा आरंभ एका अपूर्णांकापासून होतो. इ. स. १८१५ मध्यें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें असें सुचविलें, कीं सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटींत असावेत. म्हणजे हायड्रोजन ही जणुं सृष्टीची वीट आणि इतर मूलद्रव्यें म्हणजे त्या विटांचीं लहानमोठीं घरें. कल्पना मोठी मोहक होती. परंतु वीट अर्धी कशी घालावयाची? क्लोरिनचा अणुभार साडेपस्तीसच्या जवळ भरे आणि तांब्याचा साडेत्रेसष्टच्या जवळ. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे थिओडोर रिचर्ड्स यांनीं अणुभार मोजण्याच्या कामांत आपली हयात वेंचिली, तांब्याचा अणुभारही अत्यंत काळजीपूर्वक ठरविला, आणि या तपश्चर्येबद्दल त्यांना १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण मापन जितकें सूक्ष्म होत गेलें, तितका तो अपूर्णांक अधिकच पक्का झाला. तराजू खोटा नव्हता. मग चुकत कोठें होतें?

चूक प्रश्नांतच दडलेली होती. तांब्याचे सर्व अणु सारख्याच वजनाचे असतात, हें प्रत्येकानें गृहीत धरलें होतें. तें कोणीं तपासून पाहिलेलें नव्हतें. १९१३ मध्यें फ्रेडरिक सॉडी यांनीं किरणोत्सर्गी द्रव्यांच्या अभ्यासावरून असें प्रतिपादन केलें, कीं एकाच मूलद्रव्याचे अणु निरनिराळ्या वजनांचे असूं शकतात. त्यांचे रासायनिक गुण मात्र एकच, म्हणून मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्यांचें स्थानही एकच. या अणूंना ‘आयसोटोप’ हें ग्रीक शब्दांवरून घडविलेलें नांव मार्गारेट टॉड या स्कॉटिश स्त्री-डॉक्टरनें सुचविलें. मराठींतील ‘समस्थानिक’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे.

सॉडींची कल्पना साध्या, स्थिर मूलद्रव्यांनाही लागूं पडते काय, याचा निर्णय केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत झाला. तेथें फ्रान्सिस अॅस्टन यांनीं १९१९ मध्यें एक यंत्र सिद्ध केलें. त्यांत विद्युद्भारित अणूंचा झोत विद्युत् व चुंबक यांच्या प्रभावाखालून जातो. वळणावर भरलेली गाडी कमी वळते आणि रिकामी चट्कन वळते, तसे जड अणु थोडे वांकतात आणि हलके अधिक. शेवटीं प्रत्येक वजनाचे अणु छायाचित्राच्या कांचेवर आपली वेगळी रेघ उमटवितात. वायूंची परीक्षा यांत सुलभ होती, पण तांबें सहजासहजीं वाफ होणारें द्रव्य नव्हे. धातूंसाठीं अॅस्टन यांना वेगळी युक्ति योजावी लागली. धनाग्रावर ठेवलेल्या क्षारांतून अणु बाहेर काढून त्यांना वेग द्यावयाचा, ही ती युक्ति. १९२३ मध्यें तिला यश आलें. कांचेवर तांब्याच्या दोन रेघा उमटल्या, एक ६३ वर आणि दुसरी ६५ वर. साडेत्रेसष्ट वजनाचा अणु एकही नव्हता! शंभर अणूंपैकीं सुमारें ६९ हलके आणि ३१ जड. त्यांची सरासरी ६३.५५ च्या जवळ येते. ज्या अपूर्णांकानें शंभर वर्षें शास्त्रज्ञांना चकविलें, तो कोणा एका अणूचा नव्हताच. तो गर्दीचा होता.

तांब्याच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यांत २९ प्रोटॉन असतात. हलक्या भावंडांत त्यांच्या सोबतीला ३४ न्यूट्रॉन आणि जड भावंडांत ३६. धातूची रासायनिक वागणूक प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते, म्हणून आम्ल, हवा किंवा प्राण्याचें शरीर या दोहोंत जवळजवळ कांहींच भेद करीत नाहीं. हा मुद्दा ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे, कारण पुढील सर्व उपयोग त्यावरच उभारलेले आहेत.

१९३४ च्या आरंभीं पॅरिसमध्यें इरेन व फ्रेडरिक झोलिओ-क्युरी या दांपत्यानें कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. त्याच वर्षीं रोममध्यें एन्रिको फर्मी व त्यांचे तरुण सहकारी एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करूं लागले. तांब्यानें न्यूट्रॉन गिळला, कीं ६३ चें ६४ होतें आणि ६५ चें ६६. हीं नवीं भावंडें अस्थिर. ६६ चें अर्धायुष्य अवघें पांच मिनिटांचें, तर ६४ चें सुमारें पावणेतेरा तासांचें. १९३६ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें व्हॅन व्हूर्हिस यांनीं ६४ भाराच्या तांब्याचा एक विलक्षण स्वभाव उजेडांत आणिला. तें ऋण इलेक्ट्रॉनही सोडतें आणि धन पॉझिट्रॉनही. एका वाटेनें गेलेला अणु जस्त बनतो, दुसऱ्या वाटेनें गेलेला निकेल. दोन्ही शेजाऱ्यांच्या घरीं जाण्यास मोकळा असा हा पाहुणा होय.

या दुटप्पी स्वभावाचा लाभ भौतिकशास्त्रालाही झाला. इलेक्ट्रॉन कोणत्या वेगानें बाहेर पडावेत, याविषयीं फर्मी यांनींच एक सिद्धांत मांडला होता. पण अनेक प्रयोगांत मंद इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षां अधिक आढळत. १९४९ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत चिएन-शिउंग वू या चिनी विदुषीनें ६४ भाराच्या तांब्याचा अतिशय पातळ व एकसारखा थर तयार करून मापन केलें, आणि निष्कर्ष फर्मींच्या बाजूनें लागला. दोष सिद्धांतांत नव्हता. जाड थरांतून बाहेर येतां येतां इलेक्ट्रॉनच थकून मंद होत होते.

मध्यंतरीं महायुद्ध होऊन गेलें. युरेनियमचीं समस्थानिकें विलग करण्यासाठीं अमेरिकेनें ओक रिज येथें प्रचंड विद्युच्चुंबकीय यंत्रें उभारिलीं. तीं अॅस्टन यांच्या यंत्राचींच अवाढव्य वंशज होत. युद्धकाळांत तांब्याचा इतका तुटवडा होता, कीं त्यांच्या वेटोळ्यांसाठीं सरकारी खजिन्यांतून १४ हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणावी लागली. युद्धानंतर त्याच यंत्रांनीं ज्या धातूंचीं समस्थानिकें शांततेच्या कामासाठीं वेगळीं केलीं, त्यांत तांबेंही होतें. आणि अणुभट्ट्यांतून ६४ भाराचें तांबें रुग्णालयांना मिळूं लागलें.

तेथें एक जुना प्रश्न वाट पाहत होता. १९१२ मध्यें लंडनमधील डॉक्टर किनियर विल्सन यांनीं एका भयंकर रोगाचें वर्णन केलें होतें. ऐन तारुण्यांत हात कांपूं लागावेत, बोलणें अडखळावें, यकृत निबर व्हावें आणि कांहीं वर्षांत मृत्यु यावा. तेंही पुष्कळदां एकाच घरच्या भावंडांना. १९४८ मध्यें असें दिसून आलें, कीं या रोग्यांच्या यकृतांत व मेंदूंत तांबें सांचलेलें असतें. पण प्रेताच्या परीक्षेवरून सांठा कळतो, वाट कळत नाहीं. तांबें शरीरांत कसें शिरतें, कोठें थांबतें आणि कोठें अडतें, हें जिवंत माणसांत पाहावयाचें तर ओळखूं येणारें तांबें हवें होतें.

६४ भाराचें तांबें हाच तो ओळखूं येणारा प्रवासी ठरला. १९५४ मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील बेर्न व कुंकेल यांनीं तें रोग्यांना व निरोगी माणसांना तोंडावाटें देऊन त्यांच्या रक्ताची परीक्षा केली. निरोगी माणसांत तांबें प्रथम रक्तांत चढतें, यकृत तें ओढून घेतें म्हणून उतरतें, आणि मग ‘सेरुलोप्लाझ्मिन’ नांवाच्या निळसर प्रथिनांत गुंफलें जाऊन हळूहळू पुन्हां रक्तांत येतें. विल्सनच्या रोग्यांत हा दुसरा चढाव जवळजवळ येतच नाहीं. यकृत तांबें घेतें, पण त्याची विल्हेवाट लावूं शकत नाहीं. १९५६ मध्यें जॉन वॉल्श यांनीं पेनिसिलामाइन या औषधानें सांचलेलें तांबें मूत्रावाटें बाहेर काढण्याचा उपाय दाखविला. ज्या रोगाचें नांव ऐकतांच घरच्यांनीं आशा सोडावी, तो आटोक्यांत आला. इतकेंच नव्हे, तर रोग्याच्या धाकट्या भावंडांना लक्षणें दिसण्यापूर्वींच वांचवितां येऊं लागलें.

या परीक्षेंत एक अडचण होती. दोन दिवसांत ६४ भाराच्या तांब्यापैकीं जेमतेम चौदावा हिस्सा उरतो. शिवाय लहान मुलें व गर्भवती यांना किरणोत्सर्गी द्रव्य देण्यास डॉक्टर कचरतात. म्हणून पुढें संशोधक अॅस्टन यांच्या स्थिर भावंडाकडेच परतले. ६५ भाराचें तांबें अन्नांत देऊन वजनाच्या फरकावरून त्याचा माग काढतां येतो. १९८९ मध्यें अमेरिकेंत तरुणांवर झालेल्या अशा प्रयोगांत असें आढळलें, कीं आहारांत तांबें अल्प असतां शरीर त्यांतील निम्म्याहून अधिक शोषून घेतें, आणि विपुल असतां सुमारें आठवा हिस्साच. निरोगी प्रौढाचें शरीर असा चोख हिशेब ठेवतें.

अर्भकाचें शरीर मात्र तसा हिशेब ठेवूं शकत नाहीं, आणि येथें ही हकीकत पुण्यास येऊन पोंचते. हिंदुस्थानांत कित्येक पिढ्या तान्ह्या मुलांना यकृताचा एक घातक विकार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखें लागे आणि कांहीं महिन्यांत मूल दगावे. एकाच आईचीं दोनतीन मुलें अशीं गेल्याचीं उदाहरणें होतीं, आणि लोक दैवाला किंवा रक्ताला दोष देत. १९८३ मध्यें पुण्यांतील के. ई. एम. रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ व इंग्रज डॉक्टर टॅनर यांनीं बोट ठेविलें तें दुधाच्या भांड्यावर. ज्या बालकांना लहानपणींच वरचें दूध सुरू होई आणि तें पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविलें व ठेविलें जाई, त्यांच्या पोटांत तें दूध तांबें घेऊन जात होतें. अर्भकाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा सांठा अधिक, आणि पित्तावाटें तें टाकून देण्याची शक्ति अपुरी. प्रत्येक घरांतील प्रत्येक मूल आजारी पडत नसे, म्हणून कांहीं आनुवंशिक दुबळेपणाही याच्या जोडीला असावा, असें कित्येक तज्ज्ञ मानतात. पण वेळीं दिलेल्या पेनिसिलामाइननें कांहीं बालकें वांचलीं, भांडीं बदललीं, आणि शतकाच्या अखेरीस हा विकार दुर्मिळ झाला. कल्हई उडालेल्या भांड्यांत दूध-ताक ठेवूं नये, हा जुन्या गृहिणींचा कटाक्ष किती मोलाचा होता, हें यावरून ध्यानांत यावें.

६४ भाराच्या तांब्याचें काम अद्याप संपलेलें नाहीं. सायक्लोट्रॉन यंत्रांत निकेलपासून तें तयार करितात, आणि त्याच्या पॉझिट्रॉनांच्या साहाय्यानें कांहीं प्रकारच्या गांठींचीं चित्रें घेतात; अमेरिकेंत अशा एका औषधाला २०२० मध्यें संमति मिळाली. सुमारें अडीच दिवसांच्या अर्धायुष्याचें ६७ भाराचें भावंड गांठींवर उपचार करूं शकेल काय, याचे प्रयोग चालूं आहेत.

ताम्हन मात्र पूर्वीं होतें तसेंच आहे. त्यांतील ६९ आणि ३१ यांची वांटणी कोणाच्या डोळ्यांना दिसली नाहीं आणि दिसणारही नाहीं. तराजूवर उरलेला एक लहानसा अपूर्णांक कांहीं माणसांनीं चूक म्हणून झटकून टाकिला नाहीं, एवढ्यावरून ही सारी वाट निघाली; आणि त्या वाटेच्या टोकाला आईच्या मांडीवर पुन्हां खेळूं लागलेलीं मुलें आहेत.