अमेरिकेंतील सुगीचें मेज : शोभा आणि इतिहास

सुगी सरली, धान्य कणगींत पडलें, म्हणजे मनुष्याला चार आप्तेष्टांस बोलावून जेवूं घालावें असें वाटूं लागतें. आणि नुसतें जेवूं घालून त्याचें समाधान होत नाहीं, तर जेथें पंक्ति बसावयाची ती जागाही शोभिवंत व्हावी असें त्यास वाटतें. महाराष्ट्रांत दसऱ्याच्या दिवशीं दारावर झेंडूचें तोरण चढतें, कोंकणांत त्या तोरणांत नव्या भाताच्या लोंब्या गुंफल्या जातात, आणि जेवणाच्या पानाभोंवतीं रांगोळी रेखिली जाते. सागरापलीकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच भावनेचा सण नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं येतो. त्याचें नांव ‘थँक्सगिव्हिंग’, म्हणजे आभार मानण्याचा दिवस.

त्या दिवशीं दूरदूरच्या गांवांहून मुलेंनातवंडें वडिलांच्या घरीं गोळा होतात. जेवणाच्या मेजावर शुभ्र टेबलपोस अंथरलेला असतो. मधोमध वेताचें विणलेलें एक मोठें शिंग आडवें ठेवितात; त्याच्या तोंडांतून सफरचंदें, द्राक्षें आणि लहान लहान भोपळे बाहेर सांडत आहेत असें वाटावें अशी त्यांची मांडणी असते. भोंवतीं मेपल आणि ओक या वृक्षांचीं तांबडीं-पिवळीं पानें पसरतात आणि तांबड्या, निळसर, काळपट दाण्यांचीं मक्याचीं वाळलीं कणसें ठेवितात. शेवटीं घरची वडील मंडळी भाजलेला टर्की पक्षी आणून मेजावर ठेवितात. हें मेज १६२१ सालीं प्लिमथ येथें प्रथम मांडलें गेलें आणि तेव्हांपासून तें तसेंच चालत आलें आहे, अशी समजूत अमेरिकेंतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं शाळेंतून घरीं आणिली. ही समजूत कितपत खरी आहे, आणि त्या मेजावरील कोणती वस्तु इतिहासाची खरी साक्ष देते, हें पाहण्यासारखें आहे.

१६२० सालच्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ नांवाच्या जहाजांतून १०२ इंग्रज उतारू मॅसॅच्यूसेट्सच्या किनाऱ्यास लागले. पहिल्याच हिवाळ्यांत थंडी, उपासमार आणि रोग यांनीं त्यांपैकीं जवळजवळ निम्मे मरण पावले. पुढील वर्षीं शरदांत पीक हातीं आलें, तेव्हां त्यांनीं उत्सव केला. त्या उत्सवाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त एवढा एकच उपलब्ध आहे. तो म्हणजे एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्यानें डिसेंबर १६२१ मध्यें लिहिलेलें पत्र. त्यांत उत्सवाचें वर्णन अवघ्या कांहीं ओळींत आटोपलें आहे. गव्हर्नरानें चार माणसें पक्षी मारावयास पाठविलीं. त्यांनीं एका दिवसांत जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणिले. वाम्पानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट आपल्या सुमारें ९० माणसांसह आला. त्यांस तीन दिवस जेवूं घातलें. आणि त्याच्या लोकांनीं पांच हरणें मारून आणिलीं.

या पत्रांत मेजाचा उल्लेख नाहीं, टेबलपोसाचा नाहीं, फुलापानांचा नाहीं. टर्की पक्ष्याचें नांवसुद्धां नाहीं. पाहुण्यांस बोलावणें पाठविल्याचेंही त्यांत कोठें लिहिलेलें नाहीं. त्या हिवाळ्यांतून प्रौढ स्त्रिया चारच वांचल्या होत्या. पन्नासएक इंग्रज आणि ९० पाहुणे यांच्या स्वयंपाकाचा भार त्या चौघींवर आणि कांहीं मुलींवर पडला असला, तर मेज सजविण्यास त्यांस सवड कोठून मिळणार? शिवाय त्या इंग्रजांच्या धर्मकल्पनेंत आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस. मेजवानीस ते तें नांव देत नसत. विन्स्लोनेंही आपल्या पत्रांत तें नांव दिलेलें नाहीं. हा ‘पहिला थँक्सगिव्हिंग’ होता असें विधान छापून आलें तें १८४१ सालीं. अलेक्झांडर यंग या बोस्टनच्या धर्मोपदेशकानें विन्स्लोचें पत्र पुनः छापतांना खालीं टीप देऊन तसें म्हटलें. मधल्या २२० वर्षांत तो प्रसंग बहुतेक विस्मृतींत गेला होता.

मग हें सजलेलें मेज आलें कोठून? त्याचें श्रेय बऱ्याच अंशीं एका विधवा स्त्रीच्या लेखणीस द्यावें लागतें. सारा जोसेफा हेल ही १७८८ सालीं न्यू हॅम्पशायर प्रांतांत जन्मली. १८२२ मध्यें तिचा पति वारला, तेव्हां तिच्या पदरीं पांच मुलें होतीं. चरितार्थासाठीं तिनें लेखन पत्करलें. १८२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरींत सुगीच्या मेजवानीस एक प्रकरणच दिलेलें आहे. तेथील मेजावर घरच्या बाईनें स्वहस्तें सूत कातून, विणून, उन्हांत पांढरें करून तयार केलेलें वस्त्र अंथरलेलें आहे. भाजलेला टर्की मेजाच्या शिरोभागीं विराजमान आहे. एरवीं वडिलांच्या मेजावर ज्यांस जागा मिळत नसे त्या लहान मुलांसही त्या दिवशीं आसन आहे. भोपळ्याच्या ‘पाय’ला, म्हणजे सारण भरून भट्टींत भाजलेल्या पक्वान्नाला, मानाचें स्थान आहे. पुढें शतकभर जें मेज घरोघर दिसूं लागलें त्याचा आराखडा हा असा प्रथम कागदावर उतरला.

या मेजावर फुलांची किंवा फळांची निराळी सजावट मात्र दिसत नाहीं, आणि त्याचें कारण वाढण्याच्या रीतींत आहे. त्या काळीं सर्व पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. कोणतें ताट कोठें, त्याच्या समोर कोणतें, याचा तोल राखणें हीच सजावट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सधन घरांत निराळी पद्धत रूढ झाली. ती रशियन पद्धत म्हणून ओळखली जाई. तिच्यांत पदार्थ बाजूच्या मेजावर कापून नोकर एकामागून एक आणून वाढीत. त्यामुळें मुख्य मेजाचा मध्यभाग रिकामा राहूं लागला. ती रिकामी जागा भरण्यासाठीं फुलदाण्या, फळांचे ढीग आणि मेणबत्त्यांचीं झाडें आलीं. वेताच्या शिंगासही येथेंच जागा सांपडली. तें शिंग तर ग्रीक पुराणांतील. झ्यूस देवास बाळपणीं दूध पाजणाऱ्या अमाल्थिया शेळीचें तें अक्षय्य शिंग होय. प्लिमथच्या वसाहतीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

हेलबाईंस मात्र केवळ घरची शोभा साधावयाची नव्हती. १८३७ ते १८७७ अशीं चाळीस वर्षें त्यांनीं ‘गोडीज् लेडीज् बुक’ या स्त्रियांच्या मासिकाचें संपादन केलें. १८६० च्या सुमारास त्याच्या दीड लाख प्रती खपत. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या दिवशीं होणारा हा सण साऱ्या राष्ट्रानें एकाच दिवशीं पाळावा, यासाठीं १८४६ पासून त्यांनीं गव्हर्नरांस व राष्ट्राध्यक्षांस पत्रांमागून पत्रें धाडिलीं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण यांत फूट पडत चालली होती. सर्व राष्ट्र एका दिवशीं एका पंक्तीस बसलें तर तें एकत्र राहील, अशी त्यांची श्रद्धा. ती श्रद्धा फळास आली नाहीं. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. तरीही त्या थांबल्या नाहींत. २८ सप्टेंबर १८६३ रोजीं त्यांनीं लिंकन यांस पत्र लिहिलें, आणि ३ ऑक्टोबर रोजीं लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर केला. त्या जाहीरनाम्यांत प्लिमथचें नांव नाहीं. त्यांत युद्धानें झालेल्या विधवा, पोरकीं मुलें आणि शोकाकुल कुटुंबें यांचें स्मरण मात्र आहे. पुढें १९४१ च्या कायद्यानें चौथा गुरुवार ठरला.

प्लिमथची कथा आणि सजलेलें मेज यांची सांगड पुढील पिढ्यांनीं घातली. १९१४ सालीं जेनी ब्राउन्सकोंब या चित्रकर्त्रीनें पहिल्या मेजवानीचें चित्र काढलें. त्यांत उघड्या जागीं लांब मेज मांडलें आहे, एक वृद्ध हात उंचावून प्रार्थना करीत आहे, आणि मूळ रहिवाशांच्या मस्तकीं दूरच्या मैदानी प्रदेशांतील जमातींचीं पिसांचीं शिरोभूषणें आहेत. शाळांतून मुलें कागदी टोप व कागदी पिसें घालून हाच प्रसंग वठवूं लागलीं. बाजारांत घडीचे रंगीत कागदी टर्की विकावयास आले, आणि ते मेजाच्या मध्यभागीं बसले. शोभेची वस्तु वर्षानुवर्षें डोळ्यांपुढें राहिली म्हणजे तीच इतिहास वाटूं लागते. पुस्तकापेक्षां मेजानेंच ही कथा अधिक घरांत नेली.

या कथेंत जें वगळलें गेलें तें लहान नाहीं. इंग्रज येण्यापूर्वीं, १६१६ ते १६१९ या काळांत, परदेशी जहाजांबरोबर आलेल्या सांथीनें त्या किनाऱ्यावरील गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. प्लिमथ वसलें तें अशाच एका निर्मनुष्य झालेल्या पटुक्सेट गांवाच्या जागीं. मॅसासॉइटनें इंग्रजांशीं केलेला तह त्याच्या हयातीपर्यंत टिकला. परंतु १६७५ सालीं युद्ध जुंपलें. १६७६ मध्यें त्याचा पुत्र मेटाकॉम मारला गेला, आणि त्याचें मस्तक खांबावर रोवून प्लिमथ येथें अनेक वर्षें ठेवण्यांत आलें. ज्या पाहुण्यानें पंक्तीस हरणें आणिलीं, त्याच्या पुत्राची त्याच गांवीं ही गति झाली.

१९७० सालीं मेफ्लॉवरच्या आगमनास ३५० वर्षें झालीं. त्यानिमित्त मॅसॅच्यूसेट्स राज्यानें मेजवानी योजिली, आणि वाम्पानोआग जमातीचे वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांस भाषणाचें निमंत्रण दिलें. भाषणाचा मजकूर आधीं मागविण्यांत आला, आणि त्यांतील सत्य न रुचल्यामुळें तें भाषण करूं दिलें गेलें नाहीं. तेव्हां त्या वर्षीं थँक्सगिव्हिंगच्या दिवशीं प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, ते व त्यांचे सोबती जमले आणि त्यांनीं तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. तेव्हांपासून दर वर्षीं एकाच दिवशीं एकीकडे मेज सजतें आणि दुसरीकडे लोक शोकासाठीं एकत्र येतात.

असें असतां हें मेज केवळ असत्याचेंच आहे काय? तसेंही नाहीं. त्यावरील एक वस्तु अस्सल साक्षीदार आहे, आणि ती म्हणजे मक्याचें रंगीत कणीस. विन्स्लोच्या त्याच पत्रांत लिहिलें आहे कीं, इंग्रजांनीं त्या वर्षीं सुमारें २० एकरांत मका आणि सुमारें ६ एकरांत सातू व वाटाणा पेरला. मका चांगला आला. सातू बेताचा आला. वाटाणा वेंचण्याच्याही लायकीचा झाला नाहीं. मका लावण्याची रीत, आणि जमिनींत मासळीचें खत घालण्याची रीत, त्यांस टिस्क्वांटम यानें शिकविली होती. हा पटुक्सेट गांवचा. १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्यास फसवून पळविलें आणि स्पेनमध्यें विकावयास नेलें. तेथून इंग्लंडमार्गें १६१९ मध्यें तो मायदेशीं परतला, तों त्याचें गांव सांथीनें नाहींसें झालेलें. अशा मनुष्यानें आपल्या मृत गांवाच्या भूमींत परक्यांस पेरावयास शिकविलें. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवावा, घेवड्यानें जमिनीचा कस राखावा, आणि भोपळ्याच्या रुंद पानांनीं खालची ओल टिकवावी, ही तेथील शेतीची जुनी पद्धति. म्हणजे मेजावर ‘शोभेसाठीं’ मांडलेलीं कणसें आणि भोपळे हेंच त्या कथेंतील मुख्य सत्य होय. त्यांवांचून मेज मांडावयास कोणी उरलेंही नसतें.

या साक्षीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचतो. मका आणि लाल भोपळा हीं मूळचीं अमेरिका खंडांतील. कोलंबसाच्या सफरीनंतर समुद्रमार्गें तीं पूर्वेकडे आलीं, आणि घाऱ्यांचा भोपळा कोणासही परका वाटेनासा झाला. इतकेंच नव्हे, तर दसऱ्याच्या तोरणांतील झेंडूही मूळचा मेक्सिकोकडील. ज्यांच्या हातांनीं हीं बियाणीं शतकानुशतकें जोपासलीं गेलीं त्यांचीं नांवें ना तोरणावर लिहिलेलीं आहेत, ना मेजावर.

सणाची शोभा टाकून द्यावी असें यावरून कोणी म्हणणार नाहीं. थकलेल्या माणसांनीं वर्षांतून एकदां घर सजवावें, मुलांस वडिलांच्या शेजारीं बसवावें, यांत हेलबाईंस जें मोल दिसलें तें आजही खरें आहे. परंतु आभार मानावयाचे तर ते कोणाचे, हा प्रश्न त्या सणाच्या नांवांतच आहे. त्याचें उत्तर मेजाच्या मध्यभागीं, वाळल्या कणसाच्या रूपानें, दर वर्षीं ठेविलेलें असतें.