भिऱ्याची वीज आणि पेण-रोह्याच्या हार्ड डिस्क

रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. मुळशीच्या धरणात अडवलेलं, एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते पाणी पश्चिमेला कोकणात उतरवायचं आणि त्या उतारावर जनित्रं फिरवायची, अशी ती योजना. त्याआधी टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये अशीच वीजघरं उभारली होती. तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात येतात. मुळशीत बुडणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून दिलेल्या लढ्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं आहे. घाटाखालची बाजू तितकी पाहिली जात नाही. वीज कोकणात तयार होत होती आणि मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला, ट्रामला जात होती. ज्या खाचरांवरून त्या तारा गेल्या, तिथल्या घरांतून पुढे कित्येक वर्षं रॉकेलचीच चिमणी जळत राहिली. पेण-रोह्यात व्होल्टेज वाढून बंद पडणाऱ्या हार्ड डिस्कचा या इतिहासाशी संबंध जोडणं ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. माझं म्हणणं असं की, तो जोडल्याशिवाय निदान धड होतच नाही. डिस्क कशाने गेली, तिचा कुठला भाग गेला आणि आतलं काय वाचेल, या तिन्ही प्रश्नांचा शोध टेबलावरच्या डब्यापासून सुरू करून चालत नाही, रस्त्यावरच्या खांबापासून सुरू करावा लागतो.

गावोगाव वीज नेण्याचं काम खऱ्या अर्थाने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने केलं. मंडळ स्थापन झालं २० जून १९६० रोजी. पुढे १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि खेड्यांतल्या लाइनींसाठी कर्ज मिळू लागलं. त्या काळाचं उद्दिष्ट साधं होतं: कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त वाड्या उजळायच्या. म्हणून अकरा केव्हीची लाईन लांबवर ओढायची, वाटेत कुठेतरी डीपी, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, बसवायची आणि तिथून चार उघड्या तारा, तीन फेज आणि एक न्यूट्रल, खांबाखांबावरून घरांपर्यंत न्यायच्या. त्या घरांत तेव्हा दोन बल्ब आणि फार तर एक रेडिओ. असल्या भाराला ती व्यवस्था पुरेशी होती, हे कबूल केलं पाहिजे. मंडळाला दोष देणं सोपं आहे, पण १९७० साली कोणी डीपीवरून कॉम्प्युटर चालवायला निघालं नव्हतं. प्रश्न असा झाला की भार वाढला, डीप्या वाढल्या, ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि तरी बऱ्याच ठिकाणी खांबावरची ती चार तारांची मांडणी तशीच राहिली. त्या चारांतली जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं ती न्यूट्रल. तिला हात लावला तर सहसा झटका बसत नाही, म्हणून ती बिनमहत्त्वाची वाटते.

डिस्कच्या निदानात ही तारच कळीची आहे. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, दोन फेजांमध्ये सुमारे ४००. डीपीजवळ न्यूट्रलचा सांधा सुटला, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं नकळत एकाच माळेत ओवली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. समजा, एका घरात हजार वॅटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्यात फक्त दोनशे वॅटचा कॉम्प्युटर. हिशोब केला तर गिझरवाल्याच्या वाट्याला ६७ व्होल्ट येतात आणि कॉम्प्युटरवाल्याच्या वाट्याला ३३३. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती पुरवठ्यात सहा टक्क्यांचा चढउतार मान्य केला होता. हा पंचेचाळीस टक्के झाला. शिवाय तो क्षणभर नसतो. वायरमन येऊन डीपी पाडेपर्यंत मिनिटं-मिनिटं टिकतो. एका घरातले दिवे मिणमिणतात, शेजारचे भगभगून फुटतात. लोक याला ‘लाईट डिम-फुल झाली’ म्हणतात, आणि हे चार शब्द दुरुस्तीवाल्याला महागड्या उपकरणापेक्षा जास्त सांगून जातात.

न्यूट्रलचा सांधा सुटायला पेणच्या खारेपाटात वेगळं कारण लागत नाही. धरमतरच्या खाडीची खारी, दमट हवा आणि ॲल्युमिनियमची तार तांब्याला जोडलेली. सांधा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून शाबूत दिसतो. तिथली जमीन ओली, क्षारयुक्त, त्यामुळे अर्थिंग चांगलं मिळतं, पण त्याच क्षारांनी अर्थिंगची लोखंडी पट्टी गंजून तुटते. रोह्याकडे, डोंगराच्या बाजूला, गोष्ट उलटी आहे. मुरूम आणि कातळ उन्हाळ्यात कोरडाठाक होतो, जमिनीचा रोध चढतो, आणि अर्थिंग सगळ्यांत कमजोर असतं ते नेमकं मे अखेरीला, वळवाच्या गडगडाटाच्या दिवसांत. दोन्हीकडे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरायची जुनी पद्धत आहे. त्यात पाणी घालत राहणं मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आकाशातली वीज काय खोटी? मुळीच नाही. कोकणात ती खरी आहे आणि माणसं मारण्याइतकी खरी आहे. पण तिचे दिवस ठरलेले आहेत. गडगडाट असतो तो मुख्यतः मोसमी पावसाआधी आणि परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत तो कमी; तेव्हा झाडं पडतात, तारा एकमेकींवर आपटतात, खांब वाकतात. म्हणून भर श्रावणात ‘वीज पडून’ गेलेली डिस्क समोर आली, तर आधी शंकाच घ्यावी. दुसरं, आकाशातली वीज वाट निवडते आणि त्या वाटेवर खुणा सोडते. २००५ मध्ये बीएसएनएलचा ब्रॉडबँड आला, त्याआधी डायल-अप होता. त्या सगळ्या काळात वीज टेलिफोनच्या तारेवरून घरात शिरे आणि आधी मॉडेम जाळे, मग मदरबोर्डवरचा लॅनचा पोर्ट. डिस्क पुष्कळदा सुखरूप राही. न्यूट्रल तुटल्याची खूण निराळी. स्पाइक गार्डमधली चकती तडकून काळी पडलेली असते, कारण ती काही मायक्रोसेकंदांचा धक्का गिळण्यासाठी बनवलेली असते, मिनिटभराचा नव्हे. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, उघडला की आतले दोन मोठे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसतात. दोन मिळून ४०० व्होल्ट सोसणारे ते कपॅसिटर. २८३ व्होल्टच्या पुढे वीज गेली की तिचं शिखर ही मर्यादा ओलांडतं. म्हणजे घटनेची नोंद तिथेच, त्या फुगवट्यावर, झालेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो दुरुस्तीवाल्यांकडूनच येतो: कित्येक डिस्क व्होल्टेजने जातच नाहीत, म्हाताऱ्या झालेल्या असतात म्हणून जातात, आणि नाव लाईटचं होतं. हे खरं आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. तालुक्याच्या गावांत डीटीपीची दुकानं, टायपिंग-झेरॉक्सची केंद्रं, स्टुडिओ आणि नेट कॅफे वाढले ते साधारण भारनियमनाच्याच वर्षांत. रोज ठरलेल्या वेळी लाईट जायची आणि यायची. बंद व्हायच्या किंवा चालू व्हायच्या क्षणीच म्हाताऱ्या डिस्कचा कस लागतो, त्यामुळे लाईट आणि डिस्क यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. नुसती लाईट जाणं डिस्कला मारक नसतं, हे त्यात हरवलं. पुरवठा तुटला की फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या वेगातून तिची मोटर क्षणभर जनित्र बनते आणि तेवढ्या विजेवर वाचणारी टोकं जागेवर नेऊन ठेवली जातात. अर्धवट लिहिलेली फाइल बिघडेल, यादी विस्कटेल, पण डबा मरत नाही. तेव्हा लाईट ‘गेली’, लाईट ‘वाढली’ आणि वीज ‘पडली’ हे तीन वेगळे आजार आहेत, आणि हा आक्षेप खांबापासून सुरुवात करण्याची गरज वाढवतोच. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडक दिली, तेव्हा खांब आडवे झाले आणि अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्या काळात भाड्याच्या जनरेटरवर चाललेलं यंत्र बिघडलं असेल, तर वादळाला बोल लावून उपयोग नाही. जनरेटरचं व्होल्टेज आणि त्याच्या न्यूट्रलची जोडणी कोणी तपासली होती का, हे विचारलं पाहिजे.

आता डबा स्वतः. चुंबकीय तबकडीवर लिहिण्याची कल्पना आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणली. त्या पहिल्या यंत्रात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या आणि त्यावर पन्नास लाख अक्षरं मावत. पुढे डबा तळहाताएवढा झाला, मांडणी मात्र तीच राहिली: मजकूर तबकडीवर, आणि वीज हाताळणारा बोर्ड बाहेर, चार-सहा स्क्रूंनी लावलेला. बाहेरून आलेला मार प्रथम बोर्ड झेलतो. त्यावर पाच आणि बारा व्होल्टच्या वाटांवर एकेक छोटा संरक्षक डायोड असतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीच्यांना वाचवतो. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे. डिस्क जोडली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, पंखा एकदा हलून थांबतो. डिस्क काढली की सगळं सुरळीत. मल्टिमीटर डायोडला लावला की जवळजवळ शून्य रोध दाखवतो, बीप वाजतो. तो डायोड काढून, खात्रीच्या सप्लायवर डिस्क लावली की ती फिरू लागते, आणि मग एकच काम करायचं: तिची पूर्ण नक्कल उतरवायची. विंडोजला ‘दुरुस्ती’ करू द्यायची नाही. आधी सहज वाचतं ते घेऊन अडलेल्या जागा मागे ठेवणारी डीडीरेस्क्यूसारखी साधनं फुकट मिळतात. मोटर चालवणारी चिपच करपली असेल, जळका वास आणि चिपवर फोड दिसत असेल, तर बोर्ड बदलावा लागतो. इथे एक जुनी समजूत नडते. नव्वदच्या दशकातल्या डिस्कला तसाच दुसरा बोर्ड लावला की काम भागायचं. साधारण २००० नंतरच्या डिस्कमध्ये त्या-त्या डब्याची खास मापं बोर्डावरच्या लहानशा आठ पायांच्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप जुन्या बोर्डवरून उचलून नव्यावर बसवावी लागते, नाहीतर डिस्क फिरते आणि ओळख देत नाही. डिस्क फिरून टकटक करत असेल, तर मार आतल्या टोकांपर्यंत पोचलेला असतो. तेव्हा तिला पुन्हा पुन्हा चालू करणं हाच सगळ्यांत मोठा अपाय. झाकण उघडायचं ते धूळमुक्त खोलीत, म्हणजे मुंबई-पुण्याला.

हे सगळं कशासाठी, असा तिसरा आक्षेप घेता येतो. सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने सरकारी सर्व्हरवरून मिळतो, फोटो फोनवर असतात, आणि नव्या यंत्रांत फिरती तबकडीच नसते. पण जुन्या डब्यांत जे आहे ते सर्व्हरवर गेलेलं नाही. श्रीलिपी आणि आकृती या मराठी फॉन्टच्या काळात बसवलेल्या लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांच्या ऑर्डरी आणि मूर्तींचे फोटो, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांची पानं: त्यांतलं पुष्कळसं एका प्रतीत, एकाच डिस्कवर आहे. ‘वीज पडली’ असं म्हणून असा डबा भंगारात गेला की दोन रुपयांच्या डायोडपायी वीस वर्षांचं काम जातं. आणि नव्या यंत्रांचं म्हणाल तर त्यांनी संकट कमी केलेलं नाही. एसएसडीमध्ये मजकूर आणि वीज हाताळणारे भाग एकाच बोर्डावर असतात. तिचा नियंत्रक पुष्कळदा मजकूर कूटबद्ध करूनच चिपांवर विखरून ठेवतो, त्यामुळे नियंत्रक जळाला की चिपा शाबूत असूनही वाचता येत नाहीत. बोर्ड बदलून तबकडी वाचवायची सोय तिथे संपली. उरतो तो खांब, न्यूट्रल आणि अर्थिंगचा खड्डा, आणि दुकानात यंत्र घेऊन आलेल्याला विचारायचा पहिला प्रश्न: त्या दिवशी शेजाऱ्याकडचे दिवे मंद झाले होते की भगभगले होते?