घर घेताना एजंट करावा की नाही?

घर घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन एजंटला जातो. आम्हीही तेच केलं होतं. रिसेलचा टू-रूम किचन फ्लॅट होता. एजंट म्हणाला, "सर, पेपर एकदम क्लिअर आहेत, आज टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय." आम्ही 51 हजार देऊन मोकळे झालो. नंतर ओळखीच्या वकिलांनी कागद पाहिले. फ्लॅट मरहूम वडिलांच्या नावावर, विकायला बसलेले दोन भाऊ, आणि तीन बहिणींपैकी एकीचीही सही नाही! टोकन परत मिळवण्यात आठ महिने गेले. तोवर एजंटने फोन उचलणं सोडून दिलं होतं.

तरीही एजंट घेऊच नका असं मी सांगणार नाही. तो कोणत्या कामाला उपयोगी आहे आणि कोणतं काम त्याच्यावर सोडायचं नाही, एवढं आधी समजून घेतलं पाहिजे.

एजंट नक्की कोणाचा?

परदेशात काही ठिकाणी फक्त खरेदीदाराच्या बाजूने काम करणारा वेगळा एजंट असतो. आपल्याकडे ही पद्धत फारशी नाही. रिसेलमध्ये एकच एजंट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. नव्या प्रोजेक्टमध्ये त्याला पैसे बिल्डर देतो, म्हणून तो "तुम्हाला काहीच द्यायचं नाही" असं सांगतो. ते खरंही असतं. पण ज्याचे पैसे बिल्डरकडून येतात तो बिल्डरचाच फ्लॅट चांगला म्हणणार. शिवाय सौदा झाला तरच त्याची कमाई होते. "हा फ्लॅट घेऊ नका" असं सांगण्यात त्याचा फायदा नसतो.

नवीन प्रोजेक्ट असेल तर

2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रोजेक्टमधली घरं विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. एजंटचा नोंदणी क्रमांक 'ए' अक्षराने आणि प्रोजेक्टचा 'पी' अक्षराने सुरू होतो. दोन्ही क्रमांक मागून घ्या आणि महारेराच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नोंदणी चालू आहे का, मुदत संपली का, हे तिथे दिसतं. फसवणूक झाली तर बिल्डरप्रमाणे एजंटविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एजंट "बुकिंगलाच 20 टक्के भरा, डिस्काउंट मिळेल" म्हणाला तर तिथेच थांबा.

रिसेल, जुनं घर किंवा प्लॉट असेल तर

इथे बरेच लोक फसतात. एजंटची ही सक्ती रेराच्या प्रोजेक्टपुरती आहे. जुन्या सोसायटीतला फ्लॅट, गावठाणातलं घर, गुंठेवारीचा प्लॉट विकून देणाऱ्याला ती लागू होत नाही. पानटपरीवाला, इस्टेट एजंट, नात्यातला एखादा भाई, कोणीही मध्यस्थ होऊ शकतो. अशा वेळी त्याने याच मोहल्ल्यात आधी कोणाचे सौदे केले ते विचारा आणि त्या दोन-तीन घरी जाऊन बोला.

एजंट कधी कामाला येतो?

भाग अनोळखी असेल, नोकरीमुळे वेळ नसेल किंवा गावाबाहेरून घर शोधत असाल, तर एजंटचा खरा उपयोग होतो. कोणती बिल्डिंग विकायला आहे, पाणी किती वेळ येतं, मागचा सौदा कोणत्या भावाने झाला, हे त्याला माहीत असतं.

आपल्या कुटुंबांचा आणखी एक अनुभव आहे. काही सोसायट्यांत नाव ऐकलं की फ्लॅट "विकला गेलेला" असतो. हे आधीच स्पष्ट विचारून घेणारा एजंट आपल्या दहा चकरा वाचवतो. मात्र काही एजंट न विचारताच आपल्याला ठरावीक वस्त्यांतलीच घरं दाखवतात. तुम्हाला कुठे राहायचं आहे, मुलांची शाळा कोणती, हे तुम्ही ठरवा आणि त्याला तसं सांगा. सोसायटीला योग्य कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

उलट विकणारा ओळखीचा असेल, घर आपल्याच गल्लीत असेल आणि भावाची माहिती असेल, तर एजंटची गरज नाही. ते पैसे वकिलाला द्या.

दलाली कशी ठरवावी?

रिसेलमध्ये साधारण 1 ते 2 टक्के मागतात. 40 लाखांच्या फ्लॅटवर याचा अर्थ 40 ते 80 हजार रुपये. घर बघायला जाण्याआधी या गोष्टी ठरवून कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या:

- टक्केवारी किती, की एकच ठोक रक्कम?
- विकणाऱ्याकडूनही घेणार का?
- पैसे कधी? खरेदीखताची नोंदणी झाल्यावर देणं सगळ्यात सुरक्षित. टोकनच्या दिवशी पूर्ण दलाली देऊ नका.
- सौदा मोडला तर काय?

टोकन एजंटच्या हातात रोख देऊ नका. मालकाच्या खात्यावर भरा आणि "कागद साफ नसल्यास रक्कम परत" असं लिहिलेली पावती घ्या. आम्ही हीच चूक केली होती.

एजंटवर सोडू नये असं काम

कागद तपासणं हे एजंटचं काम नाही. त्यासाठी तुमचा स्वतःचा वकील हवा. एजंटने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. साधारण 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या आणि पुढील गोष्टी खास विचारा.

*वारस:* मालक हयात नसेल तर सगळे वारस कोण? मुलींचा, बहिणींचा, बेवेचा हिस्सा शरीयतनेही आहे आणि आपल्याला लागू असलेल्या पर्सनल लॉनेही. भावांनी विकलं तरी बहिणींचा हिस्सा विकला जात नाही. सगळ्यांच्या सह्या हव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. "बहनों को सब मालूम है" हे उत्तर चालणार नाही. तोंडी हिबा झाल्याचं सांगितलं तर ताबा खरंच दिला होता का, याचा पुरावा वकिलाला बघू द्या.

*वक्फ:* जमीन वक्फची नाही ना, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि वक्फ मंडळाच्या नोंदींवरून पाहून घ्या. वक्फ जमीन खासगी विक्रीने आपली होत नाही.

*बॉण्डवरचा सौदा:* नोटरी केलेला बॉण्ड किंवा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

*फ्लॅट असेल तर:* भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी आणि बँकेचा बोजा.

व्याज टाळायचं म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं कर्ज न काढता साठवलेल्या पैशातून घर घेतात. नियत चांगली आहे, पण त्यात एक धोका आहे. कर्ज देणारी बँक आपल्या पैशासाठी का होईना, कागद तपासते. कर्ज नसेल तर ती तपासणीही होत नाही. अम्मीचे दागिने आणि अब्बूंची ग्रॅच्युइटी घालून घर घेणाऱ्याला वकिलाची गरज सगळ्यात जास्त आहे.

घर स्त्रीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर तेही करारनाम्याआधीच वकिलाला सांगा. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. 40 लाखांवर ते 40 हजार होतात. बऱ्याच ठिकाणी वकिलाची फी यातूनच निघेल.