काक्षीची कड

दोन बोटं एकमेकांजवळ आणा, मधे केसाएवढी फट ठेवा आणि तिच्यातून दिव्याकडे पाहा. फटीत बोटांना समांतर अशा बारीक काळ्या रेघा दिसतील. बोटांवर काही नाही, दिव्यातही काही नाही. प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की कुठे उजेड वाढतो आणि कुठे उजेडात उजेड पडून काळोख होतो. पाठ्यपुस्तकं याला व्यतिकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण या रेघांवरच ताऱ्यांची मापं घेतली जातात. आणि ती मापं रेघा दिसल्यावर मिळत नाहीत, पुसल्या गेल्यावर मिळतात.

ही कल्पना हिप्पोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाची. 1868 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीसाठी एका पारितोषिकाचा अहवाल लिहिताना त्याने ती जाताजाता मांडली. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून त्यात दोन फटी ठेवल्या, तर ताऱ्याच्या प्रतिमेवर पट्टे उमटतात. पण तारा निव्वळ बिंदू नसेल, तर त्याच्या डाव्या कडेचे पट्टे आणि उजव्या कडेचे पट्टे नेमके एकमेकांवर बसत नाहीत. फटी दूर सरकवत नेल्या की एका अंतरावर एकाच्या काळ्या जागी दुसऱ्याचा उजेड पडतो आणि पट्टे नाहीसे होतात. ते अंतर मोजलं की ताऱ्याची रुंदी कळते.

मार्सेयच्या एदुआर स्तेफानने 1873–74 मध्ये हे करून पाहिलं. हाताशी 80 सेंटिमीटरचा आरसा होता, फटींत 65 सेंटिमीटर अंतर. एकाही ताऱ्याचे पट्टे पुसले गेले नाहीत. स्तेफानने प्रामाणिकपणे लिहिलं, की तारे 0.158 विकलेहून बरेच लहान असले पाहिजेत. (विकला हे कोनाचं बारीक माप.) बिचाऱ्याचा आरसा चौपट हवा होता.

आरसा मोठा करण्याऐवजी अल्बर्ट मायकेलसनने दुर्बिणीच्या डोक्यावर लोखंडी तुळई आडवी टाकली. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनची 100 इंची दुर्बीण, तिच्यावर सहा मीटरची तुळई आणि तुळईवर सरकणारे छोटे आरसे. 13 डिसेंबर 1920 च्या रात्री फ्रान्सिस पीज आणि जॉन अँडरसन यांनी ती मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबूस ताऱ्याकडे वळवली. आरसे साधारण तीन मीटरांवर गेले तेव्हा पट्टे नाहीसे झाले. मायकेलसन स्वतः त्या रात्री डोंगरावर नव्हता. माप निघालं 0.047 विकला. पुण्यात उभं राहून मुंबईतलं दहा रुपयांचं नाणं पाहिलं तर ते साधारण एवढंच दिसेल. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास माणसाने पहिल्यांदा असा मोजला.

पण काक्षीसारखे म्हातारे तारे अंगाभोवती धूळ उधळत असतात. काही शे अंशांची ही धूळ डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देत नाही, ती धगधगते अवरक्तात. ती पाहायची तर दहा-अकरा मायक्रॉनच्या लाटा पकडाव्या लागतात. त्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाहून वीसेक पट लांब. दोन दुर्बिणी तितक्याच पट दूर न्याव्या लागतात, पण वातावरणाची थरथर कमी जाचते.

इथे चार्ल्स टाउन्सचा प्रवेश होतो. लेसरचा पूर्वज जो मेसर, तो टाउन्सचा. 1964 चं नोबेल त्याच कामाचं. नोबेलनंतर माणसं सहसा समित्यांवर बसतात. टाउन्स बर्कलीला जाऊन खगोलात शिरले. त्यांची युक्ती रेडिओवाल्याची होती. ताऱ्याचा प्रकाश आरशांवरून दूरवर वाहून न्यायचाच नाही. प्रत्येक दुर्बिणीपाशी तो एका स्थिर लेसरच्या किरणात मिसळायचा, म्हणजे दोघांच्या फरकाची संथ लहर उरते. ती वायरीतून नेता येते आणि दुसऱ्या दुर्बिणीच्या लहरीशी जोडता येते. आपल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हीच जोडणी रेडिओ लहरींवर करते.

त्यासाठी लेसर हवा होता दहा मायक्रॉनच्या आसपासचा, आणि तो तयार होता: कार्बन डायऑक्साइड लेसर. 1964 साली बेल लॅबमध्ये तो बनवला सी. कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात. आज हा लेसर कारखान्यांत पत्रे कापतो. कुळ असं जुळलं: टाउन्सच्या मेसरपोटी लेसर, बारामतीच्या पटेलांनी त्याला वायूची भट्टी दिली आणि तो पुन्हा टाउन्सच्याच दुर्बिणीत येऊन बसला. 1974 मध्ये किट पीकवर पहिली चाचणी झाली. 1988 पासून माउंट विल्सनवर, मायकेलसनच्याच डोंगरावर, ट्रकच्या ट्रेलरमध्ये बसवलेल्या 1.65 मीटरच्या दुर्बिणी काम करू लागल्या. हव्या तिथे ओढून न्या आणि पट्टे पाहा.

1994 मध्ये टाउन्सच्या गटाने तेरा ताऱ्यांच्या धुळीचा हिशेब मांडला. काहींची धूळ ताऱ्याला जवळजवळ चिकटलेली होती. काक्षीची मात्र कितीतरी व्यास दूर, मधे मोकळी जागा. म्हणजे ती सतत धूर सोडत नाही, मधूनच मोठा झुरका मारते.

मग 2009 मध्ये टाउन्सच्या गटाने सांगितलं की 1993 पासून काक्षी 15 टक्के आकसली आहे. वर्तमानपत्रांना चांगला मथळा मिळाला. पण जवळच्या अवरक्तात मोजणाऱ्यांना अशी आकसणी दिसली नाही. मला या वादात आकड्यापेक्षा प्रश्नच जास्त आवडतो: या ताऱ्याची कड नेमकी कुठे? एका लांबीच्या लाटेला एक कड दिसते, दुसरीला दुसरी. काक्षी म्हणजे कडा कापलेला गोळा नव्हे, उकळत्या पातेल्यावर वाफ असते तशी ती वर विरत जाते.

आता हे काम चिलीतल्या पारानाल डोंगरावर चालतं. 8.2 मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश भुयारात आणतात. तिथे रुळांवर आरशांच्या गाड्या धावतात, कारण दोन्हीकडच्या प्रकाशाने अगदी सारखंच अंतर चाललं पाहिजे, मायक्रॉनच्या अंशापर्यंत. 2019 च्या अखेरीस काक्षी मंदावू लागली आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत तिचं तेज एक तृतीयांशावर आलं. ती आता फुटणार अशी आवई उठली. पारानालच्या मापात व्यास भरला सुमारे 0.042 विकला, वर्षभरापूर्वी होता जवळजवळ तेवढाच. दुर्बिणीच्या चित्रांत दक्षिणेकडची बाजू मात्र काळवंडलेली होती. तिने पुन्हा एक झुरका मारला होता, आणि धूर नेमका आपल्याच बाजूला आला होता.