जगाच्या तळटीपांतली पिंपरी

पिंपरी म्हटले की आज डोळ्यांपुढे मोटारी आणि यंत्रांचे सुटे भाग उभे राहतात. कारखान्यांची ही रांग थेट चाकणपर्यंत पोचली आहे. पण या गावाचे नाव रसायनशास्त्राच्या ग्रंथांत गेले ते मोटारीमुळे नव्हे. मातीतल्या एका सूक्ष्म जीवामुळे. ती हकीकत थोड्यांनाच ठाऊक आहे, आणि विद्वानाची थोरवी कशी मोजावी या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परक्यांची विद्या घेऊन औषध करणे एवढ्यावर तेथील मंडळी समाधान मानून राहिली नाहीत. कारखान्याला संशोधन विभाग होता, आणि त्याची धुरा डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती. ते मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवर काणी पाडणाऱ्या बुरशींवर त्यांनी मुंडकूर यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला होता.

पहिल्या पावसानंतर मातीला जो सुवास येतो, तो बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूंची देणगी असतो. हेच जीवाणू अनेक प्रतिजैविकांचेही जनक. त्यांतल्या एकाला तिरुमलाचारांनी नाव दिले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचे नाव असे लॅटिन वेष धारण करून शास्त्रात शिरले! या जीवाणूपासून मिळालेल्या बुरशीनाशक औषधाची माहिती १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्याचे नाव हॅमायसिन. त्यातले पहिले अक्षर कंपनीच्या एच आणि ए या आद्याक्षरांवरून आले. अमेरिकेतील डॉक्टरांनीही ते बुरशीच्या दुर्धर रोगांवर वापरून पाहिले. १९६४ साली तिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंजिन जाहीर केले. ते पिकांच्या रोगांवर उपयोगी पडले.

आता प्रश्न असा, की या कामाची किंमत कोणत्या तराजूत करावी?

योगायोग असा, की हा कारखाना सुरू झाला त्याच १९५५ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक युक्ती सुचविली. वकील मंडळींपाशी जुन्या निकालांचा आधार पुढे कोठे कोठे घेतला गेला याची सूची १८७३ पासून होती. तशीच सूची शास्त्रीय निबंधांची का करू नये? निबंधाच्या तळटीपा उलट्या बाजूने वाचायच्या, म्हणजे कोणी कोणाचा दाखला घेतला ते कळते. अशी पहिली सूची १९६३ साली छापली गेली. हेतू होता वाचकाला वाट दाखविण्याचा. पण जेथे मोजता येते तेथे माणूस तुलना करतोच. पाहता पाहता दाखल्यांची संख्या ही विद्वत्तेची पत ठरू लागली.

२००५ साली पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होर्हे हिर्श यांनी तिला आणखी सुटसुटीत रूप दिले. समजा, एखाद्याचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे दाखले अनुक्रमे ४०, १२, ५, ३ आणि १ इतके घेतले गेले. त्यांपैकी किमान तीन निबंधांना प्रत्येकी तीन किंवा अधिक दाखले आहेत. पण चार निबंधांना प्रत्येकी चार नाहीत. म्हणून त्याचा अंक तीन. सोपे गणित! पण पहिला निबंध ४० ऐवजी ४,००० वेळा उद्धृत झाला असता, तरीही अंक तीनच राहिला असता.

या वहीत आणखीही गोम आहे. तोंडात आलेल्या बुरशीवर औषध लावून बरे झालेले मूल तळटीप लिहीत नाही. फवारणी करून बाग वाचविणारा शेतकरीही लिहीत नाही. खंडन करण्यासाठी घेतलेला दाखलाही जमेच्याच बाजूस पडतो. आणि एखादी गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडली, की तिचा मूळ कर्ता सांगण्याची गरजच कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. म्हणजे काम जितके मुरते, तितके नाव पुसट होते.

आणि सहकार्याचे काय? पिंपरीच्या त्याच जीवाणूत आणखी एक द्रव्य सापडले. त्याचे नाव पिंप्रिनिन. त्याची रचना आणि ते प्रयोगशाळेत घडविण्याची रीत १९६३ साली ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात आली, तेव्हा निबंधावर जोशी, टेलर, भाटे आणि करमरकर अशी चार नावे होती. दाखल्यांच्या सर्वसाधारण हिशेबात चौघांच्याही खात्यावर पुरता एक दाखला मांडला जातो. कोणी द्रव्य वेगळे काढले, कोणी रचना उलगडली, कोणी चूक वेळीच ध्यानात आणून दिली, हे त्या आकड्याला कोठून कळावे? घरी फराळाच्या ताटाची तारीफ होते, तेव्हा पाक कोणी साधला आणि करंज्या कोणी तळल्या, हे ताट सांगत नाही. तशातलाच हा प्रकार.

म्हणून आकडे टाकाऊ ठरतात असे नव्हे. ओळखीपाळखीवर पद देण्यापेक्षा दाखला पाहणे केव्हाही बरे. वशिला नसलेल्या, दूरच्या गावी काम करणाऱ्या माणसाला तोच एक साक्षीदार असतो. पण साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. आकडा पाहावा, आणि मग निबंध उघडून वाचावा.

पिंप्रिनिनवरील काम थांबलेले नाही. त्याची नवनवी रूपे घडवून ती पिकांवरील बुरशीवर चालतात का, याचा शोध अर्ध्या शतकानंतर चीनमधील रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. पिंपरी कोठे आहे हे त्यांतल्या कितीकांना ठाऊक असेल? तरी प्रत्येक वेळी ते नाव उच्चारावेच लागते. गावाचे नाव शास्त्राने असे जपले आहे. ज्या माणसांनी ते तेथवर पोचविले त्यांची नावे जपणे हे मात्र गावाचे, आणि आपले, काम आहे.